दिगंबरभाऊंच्या चुका

दिगंबर बडगुजर यांच्या हातून सत्तावीस वर्षांत एकदाही चुकीचं औषध गेलं नाही, ही गोष्ट बुऱ्हाणपुरात सगळ्यांना ठाऊक होती. ती ठाऊक कशी झाली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. चुकीची गोळी पोटात जाते आणि तिथं गेल्यावर ती काही बोलत नाही. माणूस बरा झाला तर डॉक्टरांचा हातगुण, नाही झाला तर दुखणंच तसं. मधे औषधाच्या खिडकीत बसलेल्या माणसाकडे बोट जायला जागाच नसते.

शनवारा दरवाजापासून हाकेच्या अंतरावर एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. तिथं औषधांच्या दोन खिडक्या. एकीवर दिगंबरभाऊ, दुसरीवर त्या वर्षी जो कुणी नोकरीला असेल तो. दुसऱ्या खिडकीपुढची फरशी रिकामी असली तरी खकनारच्या बसने आलेली माणसं भाऊंच्याच रांगेत उभी राहायची. भाऊंचं कामच तसं होतं. डोळे चिठ्ठीवर, हात फळीवर आणि तोंड समोरच्या माणसाशी. ज्या डॉक्टरांची अक्षरं खुद्द त्या डॉक्टरांना लागत नसत, ती भाऊ उभ्या उभ्या वाचायचे. पोरीचं लग्न कुठं ठरलं, केळीवर यंदा रोग आहे का, सासऱ्याचं ऑपरेशन झालं का, असं सगळं विचारता विचारता ते पाकिटं भरत, पाकिटावर निळ्या पेनाने लिहीत आणि पुढच्याला हाक मारत. दीड मिनिटात माणूस मोकळा. लोक म्हणत, मशीन पण चुकेल, भाऊ नाही चुकणार. भाऊ हे ऐकून नुसते हसायचे. नाही म्हणायचे नाहीत.

हॉस्पिटलचा वर्धापनदिन आला तेव्हा प्रमुख डॉक्टर भूपेंद्र यांनी भाऊंचा सत्कार ठरवला. शाल, नारळ आणि काचेची एक पट्टी, तिच्यावर ‘अचूक सेवेबद्दल’ असं कोरलेलं. कार्यक्रम दुपारी चारला होता, पण बातमी सकाळीच पसरली होती. त्या दिवशी रांगेतला दर तिसरा माणूस खिडकीतून हात आत घालून भाऊंचा हात हातात घेत होता. एका हाताने अभिनंदन स्वीकारायचं आणि दुसऱ्या हाताने गोळ्या मोजायच्या, असं सकाळभर चाललं होतं.

त्यानंतर बाराव्या दिवशी निंबोल्याच्या मथुराबाई ॲडमिट झाल्या.

मथुराबाई साठीच्या. घरची केळीची शेती, पण हाताची बोटं सांधेवाताने वाकडी झालेली. गेली सहा वर्षं त्या दर महिन्याला भाऊंच्या खिडकीवरून दोन औषधं न्यायच्या. एक सांधेवाताची मुख्य गोळी, मिथोट्रेक्सेट. ती जहाल असते. आठवड्यातून एकदाच घ्यायची, मथुराबाईंची दर रविवारी. दुसरी फॉलिक ॲसिडची साधी गोळी. पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून ती रविवार सोडून रोज. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही एवढ्याशा, आणि भाऊंच्या फळीवर दोन्हींचे डबे शेजारी शेजारी. एकाच बाईला दोन्ही लागतात, मग हात दोनदा कशाला लांबवायचा, असा त्यामागचा विचार.

मथुराबाईंचं तोंड आतून सोललं होतं. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, अंगात ताप होता, आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. वॉर्डातल्या डॉक्टरांनी घरून सगळी औषधं मागवली. मुलगा गोटू मोटरसायकलवर जाऊन पिशवी घेऊन आला. तिशीचा, केळीच्या डागांनी काळा पडलेला शर्ट घातलेला. सिस्टरनी पिशवी औषधं ओळखायला खाली भाऊंकडे पाठवली.

भाऊंनी पाकिटं पाहिली. अक्षर त्यांचंच होतं, सुबक आणि निळं. तारीख अठरा. ‘सोमवार ते शनिवार रोज एक’ असं लिहिलेल्या पाकिटात मिथोट्रेक्सेटच्या पट्ट्या होत्या. चोवीस दिलेल्या, दहा संपलेल्या. ‘फक्त रविवारी एक’ या पाकिटात फॉलिक ॲसिड. भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावून वाचलं. पट्टीवरचं नाव बदललं नाही. मग त्यांना आठवलं की अठरा म्हणजे सत्काराचा दिवस, आणि त्यांनी खिडकीची झडप खाली ओढली. सत्तावीस वर्षांत दिवसा ती झडप पहिल्यांदाच खाली आली होती. बाहेर रांगेत कुणीतरी म्हणालं, “भाऊ चहाला गेले वाटतं.”

त्यांनी वॉर्डात फोन करून गोळीचं नाव कळवलं, सरळ डॉक्टर भूपेंद्र यांच्या केबिनमध्ये गेले आणि पाकिटं टेबलावर ठेवली. “साहेब, माझ्या हातून चूक झाली.”

डॉक्टरांनी पाकिटं पाहिली, मग दार नीट लागलंय का ते पाहिलं. “दिगंबरजी, बसा आधी. तुम्ही नाही चुकलात. बाई निरक्षर आहे. घरी गेल्यावर तिनेच पाकिटांत अदलाबदल केली असणार.”

“साहेब, रविवारची गोळी महिन्याला चार देतात. चोवीस नाही. चोवीस मी मोजून दिल्यात.”

डॉक्टरांनी पाकिटातल्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. हिशेब त्यांनाही कळला होता. मग म्हणाले, “आत्ताच आपण तुमचा सत्कार केला. पेपरात फोटो आला. आता काय शाल परत मागायची? बाईवर इलाज सुरू झालाय, आता उताराही देतील, ती वाचणार आहे. बस. तुम्ही खिडकीवर जा.”

मथुराबाईंच्या केसपेपरवर संध्याकाळी एक ओळ लिहिली गेली : ‘रुग्णाने औषधे चुकीच्या पद्धतीने घेतली.’

भाऊ पाच दिवस रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. जेवण जाईना. घरी त्यांच्या पत्नी निर्मलावहिनींनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? जिला गोळ्या दिल्या तिला सांगा.”

सहाव्या दिवशी मथुराबाई बसायला लागल्या होत्या. भाऊ आत गेले. गोटू आईला पेज भरवत होता. भाऊ पलंगाशी उभे राहिले आणि शाळेत पाठ म्हणतात तसं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. कोणती गोळी, कोणत्या पाकिटात, किती, आणि ती कुणी भरली.

मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकड्या बोटांनी पदर सारखा केला. “असं नका बोलू भाऊ. तुमी कधी चुकता का? सिस्टर बोलली मले, पाकिटं मीच उलटीपालटी केली. मले मेलीला काय वाचता येते?”

“नाही मथुराबाई, तुमची काहीच चूक नाही. मीच दिल्या.”

गोटूच्या हातातला चमचा थांबला. “म्हंजे? चुकून दिल्या म्हंजे काय? माझी माय मेली असती तर?”

भाऊंना बरं वाटलं. गेल्या सहा दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच योग्य ते बोललं होतं. ते मान खाली घालून उभे राहिले आणि पुढच्या शिव्यांची वाट पाहू लागले. पण मथुराबाईच कडाडल्या, तोंडाच्या जखमांसकट.

“गोट्या! तोंड सांभाळ. तुझा बाप जिता होता तवापासून या मानसाच्या हातचं औषध खाते मी. एवढा मोठा मानूस, आपली चूक आपल्या अंगावर घ्यायला आला, अन् तू त्याले बोलतो? पाय धर त्यांचे. धर आधी!”

गोटू उठला. भाऊ मागे सरकले, पण मागे सलाईनचा स्टँड होता. गोटूने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि पुटपुटला, “माफ करा भाऊ.”

भाऊ जिना उतरून खाली आले. शिक्षा मागायला गेले होते आणि हात हलवत परत आले होते. डॉक्टर मान्य करेनात, मथुराबाई मान्य करेनात. बुऱ्हाणपुरात ही चूक भाऊंची आहे असं मानणारा माणूस एकच उरला होता, तो म्हणजे भाऊ. गोटूला तसं वाटत होतं, पण त्याला गप्प बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर मथुराबाईंचं प्रकरण लिहिलं, तारखेसह. मग मनाशी ठरवलं की आजपासून जे जे चुकेल ते लिहायचं, खिडकीतून बाहेर जाण्याआधी ध्यानात आलं तरीही. त्यांचा अंदाज होता की महिन्याला एखादी चूक निघेल.

पहिल्याच दिवशी तीन निघाल्या. पाचच्या जागी पन्नासची गोळी काढली, पाकिटात घालताना दिसली. कानाचे थेंब डोळ्यांचे म्हणून लिहिले. रमेश पाटील नावाचे दोघे रांगेत होते, एकाचं औषध दुसऱ्याला देता देता राहिलं. महिनाअखेरीस भाऊंनी आकडा मोजला : त्रेचाळीस. बाहेर एकही गेली नव्हती, पण त्रेचाळीस वेळा गोळी दारापर्यंत जाऊन परतली होती. भाऊ कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. या त्रेचाळीस काही याच महिन्यात जन्मल्या नव्हत्या. त्या रोजच होत होत्या, फक्त आजवर त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या खिडकीवर त्या वर्षी शीतल नावाची मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली. भाऊंनी तिला वही दाखवली. ती घाबरून म्हणाली, “भाऊ, मेरी तो एक भी नहीं हुई.” भाऊ म्हणाले, “माझ्या आज सहा झाल्यात. तुझ्या माझ्यापेक्षा कमी कशा असतील?” दोन दिवसांनी तिने लाजत लाजत एक लिहिली. आठवड्यानंतर ती भाऊंच्या आधी वही उघडायला लागली.

वहीमुळे एकेक गोष्ट उघडी पडली. बहुतेक चुका अकरा ते एकच्या मधे, आणि निम्म्याहून जास्त कुणाशी तरी बोलताना. भाऊंनी फळ्या बदलल्या. सारखी दिसणारी आणि सारख्या नावाची औषधं एकमेकांपासून दूर नेली. आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्यांना लाल पाकीट, आणि एका वेळी चारच्या वर द्यायच्या नाहीत. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन लावायचा. भाऊंनी भरलेलं शीतल तपासणार, शीतलने भरलेलं भाऊ. आणि शेवटी खिडकीत माणसाला विचारायचं : नाव सांगा, औषध कशासाठी, आणि कसं घेणार ते मला म्हणून दाखवा. मोजताना मात्र कुणाशी एक शब्द नाही.

दीड मिनिटाचं काम पाच मिनिटांवर गेलं. रांग फाटकापर्यंत पोचली. डॉक्टर सारख्या येणाऱ्या फोनला कंटाळले. एकाने तर विचारलं, “दिगंबरजी, सत्तावीस वर्षं माझं अक्षर लागत होतं, आता काय झालं?” भाऊ म्हणाले, “साहेब, लागत नव्हतं. लागतंय असं वाटत होतं.” तो डॉक्टर महिनाभर भाऊंशी बोलला नाही.

लोकांना तर हे मुळीच आवडलं नाही. भाऊ बोलत नाहीत, हसत नाहीत, एका गोळीला चारदा बघतात, आणि वर आपल्यालाच परीक्षेला बसवतात. “भाऊ थकले आता,” असं रांगेत बोललं जाऊ लागलं. कुणी म्हणालं मोतीबिंदू आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय. जेव्हा ते रोज चुकत होते तेव्हा लोक त्यांचे हात हातात घेत होते, आणि चुका निम्म्यावर आल्या तेव्हा लोक त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघायला लागले. निर्मलावहिनी एकदा भाजी घेऊन आल्या त्या हसतच. “भाजीवाली विचारत होती, भाऊंना विसरायला होतं का म्हणून. मी म्हटलं, बाई, उलट त्यांना आत्ता कुठं सगळं दिसायला लागलंय.”

मग हॉस्पिटलने दर्जाच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. त्यासाठी इंदूरहून मोहित नावाचा तरुण मॅनेजर आला. त्याने जिथं तिथं तक्ते चिकटवले, सगळ्यांना गळ्यात ओळखपत्रं घालायला लावली आणि चामड्याच्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर केलं : ‘औषधवितरणातील चुका’. प्रत्येक महिन्यासमोर सुरेख अक्षरात ‘शून्य’. मागच्या दोन वर्षांचेही शून्य त्याने एका दुपारी भरून काढले. भाऊंची वही त्याच्या नजरेला पडली तेव्हा त्याला घाम फुटला.

“काका, ये डायरी अंदर रख दो ना. ऑडिटवाल्यांनी बघितली तर सगळे पॉइंट कटतील.”

“पण यात लिहिलंय ते खरं आहे.”

“वही तो प्रॉब्लेम है, काका.”

वही कुलपात गेली. तपासणीला भोपाळहून रंजिता मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी चामड्याचं रजिस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि मोहितकडे पाहिलं. “दोन वर्षं, दोन खिडक्या, दररोज दीडशे पेशंट आणि एकही चूक नाही? फिर तो मैं यहाँ गलत आई हूँ. आपको आना चाहिए था, हमें सिखाने.”

मोहितला ही स्तुती वाटली आणि तो हसला. डॉक्टर भूपेंद्र हसले नाहीत. मॅडम उठून औषधांच्या खोलीत आल्या. लाल पाकिटं पाहिली, दूर दूर ठेवलेले डबे पाहिले, आणि शीतलला विचारलं, “ये सब क्यों किया?” शीतलला खोटं बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, “डायरी में लिखा है, मॅडम.”

वही कुलपातून बाहेर आली. मॅडम स्टुलावर बसून ती पाऊण तास वाचत होत्या. पहिल्या पानावर परत आल्या आणि भाऊंना विचारलं, “पेशंट को बताया था?”

“बताया.”

“उन्होंने क्या कहा?”

भाऊंनी सांगितलं, “माफी मांगी, मॅडम. उनके बेटे ने मेरे पैर छुए.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.  मग मथुराबाईंचा केसपेपर मागवून त्यावरची ती ओळ त्यांनी डॉक्टरांना त्यांच्यासमोर दुरुस्त करायला लावली, सहीसकट.

दोन महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. शेऱ्यात लिहिलं होतं की चुकांची नोंद प्रामाणिकपणे ठेवण्याची पद्धत विशेष उल्लेखनीय. हॉस्पिटलभर मावा जिलेबी वाटली गेली. मोहितला पगारवाढ मिळाली. आणि फाटकावर मोठा बोर्ड लागला : ‘प्रमाणित हॉस्पिटल. येथे औषधवितरणात शून्य चूक.’

भाऊ बोर्ड बघून डॉक्टरांकडे गेले. “साहेब, सर्टिफिकेट चुका लिहिल्या म्हणून मिळालं.”

“मग लिहा ना, दिगंबरजी. वहीत लिहा. फाटकावर कशाला?” डॉक्टरांनी बशी पुढे केली. “जिलेबी घ्या.”

भाऊंनी जिलेबी घेतली. बोर्ड अजून तिथंच आहे.

मथुराबाई अजूनही दर महिन्याला येतात. गोळी कशी घेणार ते म्हणून दाखवा, असं म्हटलं की रागावतात. “तुमी दिली ना? बस.” भाऊंना त्यांच्यावर आवाज चढवावा लागतो, तेव्हा कुठं त्या तोंड फिरवून म्हणतात, “लाल पाकिटातली इतवारी.” गोटू मात्र खिडकीतच पाकिटं उघडतो, पट्टीवरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचतो, मोबाईलमधल्या जुन्या पट्टीच्या फोटोशी ताडून बघतो. आईला भर रांगेत लाज वाटते. भाऊ त्याच्यासाठी पट्टी उजेडात धरतात. सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांचं मन फक्त गोटूपाशी निश्चिंत असतं.

परवा मे महिन्यातल्या दुपारी शीतलच्या लक्षात आलं की नुकत्याच गेलेल्या योगेश चौधरी नावाच्या माणसाला रक्तदाबाची गोळी दुप्पट ताकदीची गेली. भाऊ त्या वेळी जेवायला गेले होते आणि रांग वाढली म्हणून तिने एकटीनेच पाकीट बंद केलं होतं. भाऊ डबा संपवून आले तेव्हा ती फोन कानाला लावून उभी होती आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, “काका, गोळी घेऊ नका. माझी चूक झाली. हो, माझीच. तुम्ही कुठं आहात?”

तो खकनारच्या बसमध्ये बसला होता, बस अजून स्टँडवरच होती. रांगेतल्या चौघा-पाचजणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गुपचूप बाहेर पडून समोरच्या खासगी मेडिकलच्या दुकानाकडे चालू लागले, जिथं असले फोन कधीच केले जात नाहीत.

भाऊंनी बरोबर पट्टी घेतली, डोक्याला रुमाल बांधला आणि स्टँडवर गेले. अर्ध्या तासाने घामाने भिजून परतले. शीतल खिडकीवरच होती. डोळे लाल झालेले, पण समोरच्या बाईकडून ती औषधाची वेळ म्हणवून घेत होती. बाई गेल्यावर तिने विचारलं, “काय म्हणाले?”

“शिव्या दिल्या.”

“तुम्हाला?”

“मला, तुला, हॉस्पिटलला. बसमधले बाकीचे पण बोलले.” भाऊंनी चुकीची पट्टी खिशातून काढून तिच्यासमोर ठेवली. एकही गोळी फुटलेली नव्हती. “पण गोळ्या बदलून घेतल्या.”

शीतलने पट्टी मोजली, वही ओढली आणि लिहायला लागली. भाऊंनी माठातलं पाणी पिऊन आपली खिडकी उघडली आणि पुढच्या माणसाला नाव विचारलं.